किसनमामांचं उत्तर

किसनमामांच्या दुकानात बियाण्याची पिशवी मागितल्याबरोबर मिळाली, असं अहमदपुरात कोणी सांगणार नाही. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी त्यांचं बी-खताचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की मामा त्याला स्टुलावर बसवायचे आणि विचारायला लागायचे. जमीन कसली हाय, गेल्या साली काय पेरलं होतं, हिरीचं पाणी कवा आटतंय. घाईतला माणूस चिडून शेजारच्या दुकानात जायचा. मामांना त्याचं काही वाटत नसे. "बी समदं चांगलंच असतंय," ते म्हणायचे. "वावर इचारल्याबिगर देऊ कसं?"

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आम्ही कंधारला राहायचो. वडील शाळेत शिपाई. घराबाहेरचा कुठलाही प्रश्न आला की ते शांतपणे म्हणायचे, आपल्याला त्यातलं कळत नाही, मामांना विचार. अकरावीला लातूरला जायचं हे मामांनी ठरवलं, नांदेडला इंजिनिअरिंग करायचं हेही त्यांनीच. त्यातली जी शाखा त्यांनी सुचवली ती मला मुळीच झेपली नाही. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच म्हणाले, "तितं मपलं चुकलं बग, माय." चूक अशी सरळ कबूल करणारा दुसरा वडीलधारा माणूस आमच्या नात्यात नव्हता. म्हणूनच की काय, त्यानंतरही मी त्यांनाच विचारत राहिले.

पुण्यात दोन वर्षं नोकरी केल्यावर मला एमबीएसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पुढे जायचं होतं ते इन्व्हेस्टमेंट बँकेत. एक कॉलेज कोलकात्याला, नाव मोठं, पण तिथे सगळेच हुशार आणि इन्व्हेस्टमेंट बँका घेणार मोजक्यांना. दुसरं मुंबईत, नाव लहान, पण शिकवतात फक्त फायनान्स, आणि बँकांची ऑफिसं त्याच शहरात. मी फोन केला. जयभीम झाल्यावर सगळं सांगितलं. मामा म्हणाले, बँकेत लागायला एवढं शिकावं लागतंय व्हय? मग मी समजावलं की ही पैसे ठेवायची बँक नव्हे. कंपन्यांना भांडवल उभं करून द्यायचं, कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवून द्यायची, असं तिचं काम.

"म्हंजे अडत्याच की," मामा म्हणाले. "माल तेवढा येगळा." आणि त्यांना ते काम एकदम आवडलं.

पुढे रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि रोज नवा प्रश्न असायचा. कोलकात्याला ही नोकरी मागणारे किती, मिळणारे किती? मुंबईच्या कॉलेजातली पोरं सौद्याला बसतात का मागे नुसते आकडे जुळवतात? मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. त्या कॉलेजांत शिकलेल्या ओळखीच्यांना मी विचारायचे, तर एक सांगे नावच कामाला येतं, दुसरा सांगे मुंबई सोडू नकोस. मी जास्तच गोंधळायचे. मामा मात्र सगळं ऐकून घेत होते. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "रविवारी ये. मपला इचार झालाय. फोनवर न्हाई, समोर बसून सांगतो."

शनिवारी सकाळी दुकान उघडताना ते शटरपाशीच कोसळले. मी पुण्याहून थेट लातूरच्या दवाखान्यात गेले. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. सगळ्या शब्दांमधून एकच तेवढा शिल्लक राहिला होता, 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो'. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू काही परत येईल, काही येणार नाही.

फी भरायची शेवटची तारीख सोमवारची होती. मी विषय काढणारच नव्हते. मामींनीच मला पुढे केलं. "इचार तू. त्यांला समदं कळून राहिलंय."

मी खाली वाकून विचारलं, "मामा, कोलकात्याला जाऊ?"

"हाव."

मला हायसं वाटलं. पण मामांनी मान जोरात हलवली, डोळे मिटले, ओठ वाकडेतिकडे करत काहीतरी जुळवू लागले. मी विचारलं, "मग मुंबई?"

"हाव," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून घाबरल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा हाव, पुन्हा हाव, मोठ्यानं. डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मामींनी ते पदरानं पुसलं. मी म्हटलं, राहू द्या मामा, माझं ठरलंय. ठरलं काहीच नव्हतं.

सोमवारी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी मोबाइलवरून कोलकात्याची फी भरली. का, ते सांगता येणार नाही. त्यांनी पहिल्यांदा 'हाव' कोलकात्याला म्हटलं होतं, एवढंच कारण असेल. पुढे मला इन्व्हेस्टमेंट बँकेत घेतलं नाही. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेले आणि तिथे थांबले. आता मुंबईतच एका साध्या बँकेत मोठ्या कर्जांचं काम करते, वाईट नाही. दुसरीकडे गेले असते तर झालं असतं का, हे मला कोण सांगणार?

कोलकात्याला निघायच्या दिवशी वडिलांनी जीप केली होती. आधी अहमदपूर, मग नांदेडला रेल्वे. मामा अंगणात खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा, केस विंचरलेले. मी पाया पडले. उठताना त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आधी मला तो आशीर्वादच वाटला. पण ते सोडेनात. जीपवाल्यानं हॉर्न दिला, वडील म्हणाले चल, आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत तसेच धरून राहिले. या खेपेला त्यांनी 'हाव'सुद्धा म्हटलं नाही. शेवटी मामींनी त्यांचं एकेक बोट सोडवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी येण्याआधीच ते गेले.