पहिला बाक आणि मागचं चाक

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बाबा रायपूरजवळच्या उरला नावाच्या भागातल्या एका कारखान्यात फिटर होते, त्यांची शाळा सातवीतच सुटलेली. पण शाळेबद्दल त्यांचा एक कायदा पक्का होता : "पहिल्या बाकावर बसाचं. मागं बसला तो मागंच रायला." बीरगांवच्या शाळेपासून रायपूरच्या कॉलेजपर्यंत मी पहिला बाक सोडला नाही. आधी कोणी येऊन बसली असेल, तर तिला उठवलं.

कॉलेजला मी सायकलनं जायची. आधी ट्रकांची धूळ, मग सदर बाजारातली गर्दी. पुढे समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले, तेव्हाही सायकलच. तिथे पाठदुखी दाखवायला येणारे एक गृहस्थ सायकलिंग क्लबचे सर निघाले. म्हणाले, "बीरगांव से? रोज?" मी म्हटलं, "हव." त्यांनी रविवारी रायपूरबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीत सरावाला बोलावलं.

नव्या राजधानीत तेव्हा रस्ते आधी येऊन बसले होते, माणसं यायची होती. रुंद, गुळगुळीत डांबर. सिग्नल लाल-हिरवे होत राहायचे, पण थांबायला कोणी नाही. कडेची झाडं अजून जाळीतच, कमरेइतकी. आडोसा म्हणून नाही, वारा सरळ छातीवर.

बऱ्याच मुली स्वतःची सायकल आणायच्या, क्लबकडे मुलींना द्यायला रेसिंग सायकल एकच होती. सरांनी ती मला दिली, पण सगळ्यांसमोर सांगून दिली. राज्याच्या टीमच्या निवडीत पहिल्या दोघींत आलीस तर तुझी, नाही तर दुसऱ्या मुलीला. सायकल घरी आणली तर आई तिच्याभोवती फिरून म्हणाली, "हे काय सायकल होय? कॅरिअर नाही, घंटी नाही. आन् ते शर्यतीची तंग चड्डी घालून बीरगांवातून जाशीन काय वं?" मग मी तोड काढली. चड्डीवर सलवार चढवायची, नव्या राजधानीत पोचल्यावर उतरवून पिशवीत कोंबायची. रात्री सायकल खाटेला टेकवून झोपायची. ती परत करायची वेळ येईल, हा विचारही सहन होत नव्हता.

निवडीआधी क्लबनं सरावाची एक शर्यत ठेवली. बाबा जुन्या मोपेडवर डबा घेऊन आले. शिट्टी वाजली आणि मी पुढे. पहिली फेरी पुढे, दुसरी फेरी पुढे. बाबा दिसले की ताठ व्हायची. मागे नुसती चाकांची घरघर. मला वाटलं, बिचाऱ्यांना जमत नाहीये. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्या बिचाऱ्या एकेक करून माझ्या बाजूनं निघून गेल्या. माझ्या पायांत काही उरलं नव्हतं.

जिंकलेली पोरगी पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाली, "थँक्यू दीदी! आपके पीछे तो पता ही नहीं चला कि हवा भी थी."

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, तूने सबको मुफ़्त में घर छोड़ा." मग त्यांनी समजावलं. वारा पुढचीनं खायचा असतो, मागची तिच्या चाकाला चिकटून दम राखते. पुढे यायचं ते अगदी शेवटी.

बाबांना हे पटेना. "तू तं पुढंच होती नं? मग हारली कशी?"

"बाबा, मागं राहिलं तर वारा लागत नाही."

"म्हणजे लपाचं? एवढी शिकलेली पोट्टी लोकाच्या मागं लपनार?"

मला काय, पटत होतं थोडंच? सरावात दुसरीच्या मागच्या चाकाशी चिकटून चालवताना अंगाची आग व्हायची. कोणाच्या पाठीकडे बघत बसायची मला सवयच नव्हती. पण सायकल जाऊ द्यायची नव्हती, म्हणून शिकले.

निवडीच्या सकाळी वारा आणखी चढला होता. मी सरावाची शर्यत जिंकलेल्या त्याच पोरीचं मागचं चाक धरलं. पहिल्या फेरीला बाबा ओरडले, "पुढं हो वं! काहून मागं राहून राहिली?" दुसऱ्या फेरीला ते कठड्यावर चढले होते. "अवं पुढं हो!" सगळा रस्ता ऐकत होता. जन्मात बाबांचा हा शब्द मी मोडला नव्हता. मान खाली घातली आणि मागेच राहिले.

त्या पोरीच्या लक्षात आलं. मान वळवून म्हणाली, "दीदी, आगे आओ ना!"

"नहीं बहन, तू चल. बढ़िया चल रहा है."

शेवटचा सरळ रस्ता आला. तिचे खांदे डुलायला लागले, तसं मला कळलं, ही थकली. मी बाजूला निघाले. वारा थोबाडीत बसावा तसा बसला, पण पाय ताजे होते. सीटवरून उठले आणि जे काही राखून ठेवलं होतं ते सगळं काढलं. रेघ ओलांडली तेव्हा माझ्यापुढे नुसता रस्ता होता, मोकळा, रुंद. मी पहिली! थांबावंसंच वाटेना, तशीच कितीतरी लांब गेले.

परत आले तर सर म्हणाले, "ले जा. तेरी हुई."

बाबांनी सायकलच्या सीटवर हात फिरवला, डबा उघडून पोळीचा घास माझ्या तोंडात घातला. मग मोपेडला किक मारून म्हणाले, "चाल. मी पुढं होतो, तू मागं राय. वारा लय आहे."

तसे आम्ही निघालो. बाबा मोपेड हळू चालवत, मध्ये मध्ये मागे वळून बघत, आणि मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून, वाऱ्याबाहेर. बीरगांवचा चौक आला तेव्हा लोक बघायला लागले, आणि मला आठवलं की सलवार पिशवीतच राहिली.

राहू दिली.