उभ्याचं तिकीट

रांग दिसली की आपण आधी तिच्यात उभे राहतो आणि मग पुढच्याला विचारतो, "काय मिळून राहिलं गा?" ही सवय आम्ही तिघांनी नागपुरातून थेट व्हिएन्नापर्यंत नेली. तिच्यामुळेच मी आयुष्यात पहिल्यांदा ऑपेरा पाहिला.

मिहानच्या औद्योगिक भागातल्या आमच्या कंपनीनं तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिघं म्हणजे मी, माझी ब्रह्मपुरीकडची मैत्रीण आणि आमच्या विभागातले वडीलधारे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, पण गुडघे आधीच निवृत्त झाले होते. त्यांना आम्ही दोघी काकाच म्हणायचो. नोव्हेंबरातला शनिवार, चार-साडेचारलाच अंधारलेलं, आणि आम्ही घरच्यांसाठी चॉकलेटं घ्यायला निघालो होतो. वाटेत एका मोठ्या दगडी इमारतीच्या बाजूच्या दाराशी पन्नासेक माणसं ओळीनं उभी दिसली. मैत्रीण सरळ जाऊन शेवटी उभी राहिली.

"कायची लाइन आहे?" काकांनी विचारलं.

"मले काय माहीत! आतून गरम हवा येऊन राहिली, एवढं पुरे नाही का?"

खिडकीपाशी पोचल्यावर कळलं की रांग ऑपेराच्या तिकिटांची आहे, आणि तीही खुर्चीच्या नव्हे, उभं राहून पाहायच्या तिकिटांची. कॉफीच्या कपापेक्षा थोडं जास्त पडत होतं. काका म्हणाले, "पैसे देऊन उभं राहायचं? आपल्याकडे फुकट उभं करतात." तरी त्यांनी तीन तिकिटं काढली. बाहेरची थंडी त्यांच्या गुडघ्यांना जास्त जड जात होती.

आत उभ्याच्या जागेत लोखंडी कठडे होते. एका म्हाताऱ्या बाईनं, ती तिथली नेहमीची असावी, स्वतःचा स्कार्फ कठड्याला बांधला आणि खुणेनं आम्हालाही सांगितलं: असं बांधा आणि खुशाल फिरून या, जागा तुमची.

मैत्रीण हरखूनच गेली. "हे त आपल्या एसटीसारखं झालं वं! खिडकीतून रुमाल टाकला का सीट आपली."

तिनं ओढणी बांधली, काकांनी मफलर. माझ्याकडे आईची तपकिरी शाल होती. निघताना मी नको नको म्हणत असताना तिनं ती माझ्या बॅगेत कोंबली होती. कोणत्या तरी गावानं कधीतरी सत्काराला दिलेली, एका कडेनं विरलेली. मी ती बांधली.

आता आईबद्दल सांगायलाच हवं, कारण तोपर्यंत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझी आई झाडीपट्टीच्या नाटकांत गायची. नागपूरच्या पूर्वेला, ब्रह्मपुरी-वडसा भागात, दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी मंडप पडतात आणि होळीपर्यंत संगीत नाटकं चालतात. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडायला संपतं. नायिका बरेचदा नागपूरहून जातात. आई वीस वर्षं गेली. ते चार महिने मी मावशीकडे राहायचे. शाळेच्या अर्जात आईचा व्यवसाय म्हणून 'शिवणकाम' लिहायचे. ते अगदीच खोटं नव्हतं, पावसाळ्यात ती ब्लाउज शिवायची.

मला लाज वाटायची. तिच्या पावडरची, लाल पडद्यांची, भिंतीवरच्या जाहिरातीतल्या तिच्या फोटोची वाटते, असं मी स्वतःला सांगायचे. पण ती आईचीच वाटायची. पन्नाशीला आलेली, अंगानं सुटलेली माझी आई विशीतल्या नवरीचं काम करायची. एकदा मावसभावानं तिच्या लाजण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. मीही हसले. आई तिथंच पोळ्या लाटत होती.

तिनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. मी नुकती नोकरीला लागले होते. ती म्हणाली, "यंदाचा शेवटचा प्रयोग. आता दम पुरत नाही. एकदा ये वं पाहाले." मी म्हटलं, ऑफिसात काम आहे. काम काहीच नव्हतं. त्या दिवशी मी घरी बसून मटार सोलले. त्यानंतर तिनं गाणं सोडलं, आणि पाहायला जावं असं काही उरलंच नाही.

तर, ऑपेरा.

पडदा वर गेला आणि नायिका आली. साठीच्या आसपासची, चांगली भरलेली बाई, आणि काम होतं अठरा वर्षांच्या पोरीचं. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर तसं इंग्रजीत लिहूनच येत होतं. मी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कोण हसतंय ते. कुणीच हसत नव्हतं. माझ्या शेजारची ती म्हातारी डोळे मिटून उभी होती. नायिकेनं गायला सुरुवात केली, हळूहळू आवाज वर नेला, आणि थोड्या वेळानं मलाही ती पोरगीच दिसायला लागली. कशी ते सांगता येणार नाही.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, मग तो ओसरला, वाद्यं पुढचं वाजवायच्या बेतात होती, आणि त्या शांततेत माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्समोर!"

मैत्रीण होती. झाडीपट्टीत वाढलेली. तिच्या दृष्टीनं चांगल्या पदाला वन्समोर न देणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारणं. अख्खी रांग वळून पाहायला लागली. काकांनी मफलरमध्ये तोंड लपवलं. म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं, पण ती हसत होती. आणि मला वाटलं, रंगमंचावर उभ्या असलेल्या त्या बाईनंही क्षणभर आमच्या दिशेनं मान वळवली. खरंच वळवली का, देव जाणे.

मध्यंतरात मैत्रिणीचा राग शांत होईना. "एवढं गायलं त्या बाईनं, अन् एक वन्समोर नाही? आमच्या गावात असती त तीनदा म्हणाले लावलं असतं."

"माझी आई गायची," मी म्हटलं.

"कुठी?"

"झाडीपट्टीत. वीस वर्षं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अकरा वर्षं झाले आपण एका डब्यात जेवून राहिलो, अन् हे तू मले इथं सांगून राहिली?" मग तिचे डोळे चमकले. "तू कोणतं कोणतं नाटक पाहिलं तिचं?"

"एकही नाही."

काकांनी मला त्यांच्या खिशातली लिमलेटची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. तिची जेवायची वेळ होती. नाटक पाहिलं, सगळं गाण्यातच होतं, असं सांगितलं. तिनं पेटी होती का, तबला होता का, सगळं नीट विचारून घेतलं. पेटी नाही म्हटल्यावर तिला त्या लोकांची दया आली.

"नायिकेले वन्समोर किती भेटले?"

"इथं देत नाहीत, आई. टाळ्या वाजवतात."

"टाळ्या काय, भाषणालेही वाजवते," ती म्हणाली. "मंग त्या बाईले समजते कसं?"

मी म्हटलं, आम्ही तीन तास उभे होतो.

"थंडी वाजली असन. शाल घेतली होती ना?"

"शाल जागा धरायला बांधली होती. इथं तशी पद्धत आहे."

आई हसली. "त्याच शालीनं मीबी जागा धरली होती. शेवटच्या प्रयोगाले. पयल्या रांगेतली कडेची खुर्ची. मॅनेजर म्हणे, बाई, पाटील उभे आहेत, बसू द्या. मी म्हटलं, नाही, माही पोरगी येऊन राहिली." मग लगेच म्हणाली, "वरण थंडं होते. ठेवतो मी."

अठरा वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. तेव्हाही टोमणा म्हणून बोलली नाही, शालीचा विषय निघाला म्हणून निघालं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी हॉटेलच्या पलंगावर शाल मांडीवर घेऊन बसले आणि पोटभर रडले.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी म्हटलं, शेवटच्या प्रयोगातलं पद म्हण. ती म्हणाली, "आता कुठचा आवाज? खालचे दातही गेले." मी दोनदा-तीनदा म्हटलं, मग सोडून दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तिनं एक जुडी संपवली, दुसरी ओढली, आणि खाली बघतच गायला लागली. आवाज फाटलेला होता. दुसऱ्या ओळीला जिथं वर जायचं तिथं तो गेला नाही, तेव्हा तिनं सहज खालूनच वळसा घेतला आणि ओळ पुरी केली. हात मेथी निवडतच होते. मी आईला गाताना ऐकलं ते असं, सत्तराव्या वर्षी, मातीच्या वासाच्या भाजीपुढं. पण तिनं मान थोडी तिरपी करून नजर खाली टाकली, आणि ती नवरी मला दिसली. कुणालाही हसू आलं नसतं.

पद संपलं. मी म्हटलं, "वन्समोर."

मीटिंगमध्ये सूचना मांडावी तसा तो निघाला. आईनं वर पाहिलं नाही.

"असा जवळून नाही देत," ती म्हणाली. "मागच्या रांगेतून आला पायजे."

मी उठले. बैठकीच्या खोलीतून बाहेर आले, व्हरांडा ओलांडला, फाटकाला पाठ लावून उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले. समोरच्यांची खिडकी उघडली. मग आतून मेथीचं पातेलं सरकवल्याचा आवाज आला, आईनं घसा साफ केला, आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं, या वेळी मोठ्यानं, फाटकापर्यंत पोचेल असं.

मी आत गेले नाही. पद संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.