पानबाई आणि मोटारीचा काटा

झुंबरलाल शेठनं हैदराबादहून जुनी अमेरिकन मोटार आणली ती १९५४ साली. जालन्यातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांत मोटारी तेव्हा मोजक्याच होत्या. शेठची बायको पानबाई चाळिशीला आलेली. माहेर घनसावंगीचं, शाळा दोन वर्षांची, परक्यासमोर पदर हनुवटीपर्यंत. पण घरात तिची नजर चुकवून वाटीभर तूपही हलत नसे.

दर गुरुवारी शेठचं अंबडला कोर्टाचं काम असायचं. पानबाईची बहीण संतोषबाई अंबडलाच दिलेली, म्हणून तीही निघायची. मात्र शेठ आधी कोर्टापाशी उतरत, वकिलाशी बोलत. तोवर पानबाई मागच्या सीटवर जपमाळ ओढत बसून राही. उभ्या मोटारीत बसणारं माणूस ती एकटीच.

त्या उन्हाळ्यात मोटारीनं छळ मांडला. थांबली की थोड्या वेळात बॉनेटखालून फसफस ऐकू येई. ड्रायव्हर कडूबा धावत येऊन फडक्यानं रेडिएटरचं झाकण उघडी, वाफ उसळे, निम्मं पाणी रस्त्यावर सांडे. मग तो वर गार पाणी ओती. एकदा त्याचा हात मनगटापर्यंत पोळला. धर्मराज मिस्त्रीनं मान हलवून सांगितलं, "शेठ, इंजिन खोलावं लागंल."

शेठचा राग कडूबावर. "हाच गाडी दामटतो. पुढच्या महिन्यात दुसरा माणूस बघतो."

पानबाईला हे पटेना. कडूबा खड्डा दिसला की बैलगाडीच्या चालीनं जायचा, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या गुरुवारी हाताला पट्टी बांधलेला कडूबा दवाखान्यात गेला आणि मोटार कोर्टासमोर तशीच उभी राहिली. पानबाईची नजर समोरच्या घड्याळासारख्या चकतीकडे गेली. पाण्याची गरमी दाखवणारा काटा तिथे होता. रस्त्यानं सगळा वेळ मधोमध असलेला तो काटा आता, इंजिन बंद असताना, वर सरकत होता! तिनं मणी ओढायला सुरुवात केली. एक माळ संपेपर्यंत काटा लाल खुणेला टेकला. खालून फसफस झाली, नळीतून चार थेंब पडले. तिचा जीव घाबरला, पण हाक मारायला कुणीच नव्हतं. दुसरी माळ झाली, काटा तिथेच. तिसरी संपता संपता तो आपला आपण खाली यायला लागला.

कुणी हात लावला नव्हता, चार थेंबांपलीकडे पाणीही गेलं नव्हतं.

रात्रभर तिला तेच. सकाळी लोखंडी कढईत शिरा परतताना तिनं कढई चुलीवरून उतरवली आणि सवयीनं उलथणं चालूच ठेवलं. थांबवलं असतं तर खालचा रवा करपला असता, कारण आग गेली तरी लोखंड तापलेलंच असतं. ती हात तसाच चालू ठेवून मोठ्यानं हसली.

जेवायला बसलेल्या शेठला तिनं सांगितलं, "अहो, चालत्या गाडीत पाणी फिरतं, पंखा वारा घालतो. गाडी थांबली की दोन्ही बंद. तापलेल्या लोखंडापाशी पाणी उभंच राहतं, म्हणून काटा चढतो. इंजिन बिघडलं असतं, तर तो चढावर चढला नसता का?"

"तुला मोटारीतलं काय कळतं?"

"मिस्त्रीला सोबत घ्या. डोळ्यांसमोर दाखवते."

गुरुवारी धर्मराज पुढं बसला. अंबडला पोचताच कडूबानं इंजिन बंद केलं आणि पानबाईनं पदराआडून सांगितलं, "झाकणाला हात लावू नको." काटा चढला. मिस्त्री चुळबुळला. तीन माळांनी काटा खाली आला. पाणी फारसं वाया गेलं नव्हतं.

परतीला, जालन्याच्या घरासमोर, ती परक्या माणसासमोर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "कडूबा, गाडीचं तोंड वाऱ्याकडं कर. बंद करू नको. निवांत चालू दे."

इंजिन हळू घुरघुरत राहिलं. तिनं पाव माळ ओढली. "आता बंद कर आणि बॉनेट उघड."

काटा किंचित वर गेला, लाल खुणेच्या बराच अलीकडे थांबला आणि उतरू लागला. फसफस नाही, वाफ नाही.

धर्मराजानं खाली उतरून बॉनेटखाली डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा त्यानं पदराआडच्या बाईला हात जोडले. "बाईसाब, मी वीस वर्षं इंजिन खोलून राह्यलो. पण बंद केल्यावर गाडीत बसून कधी बघितलं न्हाई. तुम्ही बराबर बोलल्या."

"मंग इंजिन खोलायचं?" शेठनं विचारलं.

"कशाला खोलायचं, शेठ? चांगलं हाये."

शेठ कडूबाकडे वळले. त्याच्या हाताची पट्टी बघितली. मग म्हणाले, "जा, हाताला औषध लाव. सोमवारी राजूरला जायचंय, गाडी तूच चालवायचीस."

सोमवारी राजूरच्या गणपतीसमोर गर्दीत मोटार थांबली. बाहेर लोक रस्ता द्या म्हणून ओरडत होते. मागच्या सीटवर शेठ बसून होते, इंजिन चालू, ते बंद करायच्या बायकोच्या इशाऱ्याची वाट बघत. पानबाईनं मुळीच घाई केली नाही.