बारा अंशांची फेरी

पाण्याला शिस्त लावू पाहणारा माणूस चौसाळ्यात माझ्या दाजींखेरीज झाला नाही. हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाणबुडीसारख्या लांबट, सडपातळ प्रतिकृती पाण्यातून ओढायच्या आणि त्यांच्यावर पडणारा जोर मोजायचा, यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या कामाबद्दल एका साहेबाने अहवालात लिहिले : प्रतिकृती बारा अंश तिरकी ठेवून घेतलेली नोंद चुकीची. साहेबाच्या गणितात तेवढा आडवा जोर बसत नव्हता. ते एक वाक्य दाजींनी गावी आणले. बाकी सामान किरकोळ होते.

शेतात त्यांनी चाळीस फूट लांबीचा हौद बांधला. दोन्ही काठांवर रूळ, त्यांवर मोटरने ओढली जाणारी गाडी, गाडीखाली सागवानी प्रतिकृती आणि जोर दाखवणारा काटा. काटा वाचायला मला शिकवले. एक फेरी झाली की पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत दुसरी नाही. ही सवय घरातही शिरली. बशीतल्या चहाचे तरंग थांबल्याशिवाय ते घोट घेत नसत. बहीण भांडू लागली की म्हणत, “आधी तुझं पाणी थांबू दे.” शेजारचा मेंढपाळ विचारी, “तात्या, ही मासळी कवा शिजवायची?” दाजी गंभीरपणे सांगत, “बारा अंशाला वळली की.”

गेल्या उन्हाळ्यात अकरा अंशांपर्यंतच्या नोंदी झाल्या. बाराव्याची मांडणी करायला निम्मा दिवस हवा होता. त्याच सकाळी बायका घागरी घेऊन हौदावर आल्या. टँकर आठ दिवस फिरकला नव्हता.

“दुपारपर्यंत थांबता का?” दाजींनी विचारले.

“तात्या, लेकरं थांबत्यात व्हय?”

दाजींनी प्रतिकृती उचलून काठावर ठेवली. मग तिथेच बसून म्हणाले, “हळू बुडवा. तरंग येऊ देऊ नका.”

“आता कशापायी?”

“सवय आहे.”

बायका हसल्या, पण घागरी हळूच बुडवू लागल्या. संध्याकाळी हौदाचा तळ दिसला.

पावसाच्या आधी दाजी गेले. छातीत कळ आली, एवढेच.

यंदा हौद भरला. बहिणीने दाजींची नोंदवही माझ्या हाती दिली. मी कोन लावला, काटा शून्यावर आणला आणि काठावर बसलो. पाण्यावर सुरकुतीही नव्हती.

“दादा, पाणी थांबलं की,” बहीण म्हणाली.

“अजून नाही,” मी म्हणालो.