गुडघ्याच्या आतलं ठिगळ

माझ्या नणंदेचा शिवणाचा वेग गल्लीभर नावाजलेला. पायमशीनवर पाय ठेवला की तो थरथरायला लागायचा आणि थांबायचं नाव घ्यायचा नाही. गिऱ्हाईक बटणं निवडेपर्यंत बाही तयार. "मोटर नाही हो, माहेरचा पाय आहे," असं त्या ऐटीत सांगायच्या.

"तोंडही माहेरचंच ना, वन्सं? तेही थांबत नाही," मी म्हणायची.

पन्नाशीला तोच पाय ताठ व्हायला लागला. जिन्यावर चपलेचं टोक पायरीला अडकायचं. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर इवलासा हातोडा मारला, तर पाय असा उडाला की बाईंचा चष्मा वाचला ही देवाचीच कृपा. रक्त तपासायला लांब कुठेतरी गेलं आणि दोन महिन्यांनी उलगडा झाला. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारे लांब मज्जातंतू हळूहळू झिजतात, म्हणून पाय आखडतात. आजार दुर्मिळ, पण घराण्यातून चालत आलेला.

"म्हणजे वरच्या धाग्याचा ताण बिघडलाय," वन्सं म्हणाल्या. "सुई आणि कापड धड आहे."

"तसंच समजा," बाई हसल्या. "मुळातून बरं करणारं औषध नाही. पण रोज व्यायाम केला तर पाय बरीच साथ देतात. आई किंवा वडिलांना हा आजार असला, की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. घरात आणखी कोणी अडखळतं का?"

माझ्या डोळ्यांपुढे माझी नऊ वर्षांची पोर उभी राहिली. शाळेच्या रांगेत अडखळते म्हणून बोलणी खाते आणि घरी आली की बापाची ऐकते, "पाय उचलून चाल! आळशी कुठली!"

मी ते सांगताच बाई म्हणाल्या, "पोरीला आणा, आणि तिच्या वडिलांनाही."

तिचे वडील म्हणजे आमचे हे. घड्याळं दुरुस्त करतात, दिवसभर बसून. उठले की छाती काढून ताठ पावलं टाकतात, म्हणून वन्संनी नाव ठेवलंय सरदार. दवाखान्याचं नाव काढताच सरदार भडकले.

"आमच्या घराण्यात कसलाही आजार नाही. ताईचं वय झालंय, एवढंच. पोरीला उगाच आजारी ठरवू नका."

मी रात्रंदिवस देवाला एकच सांगत होते, पाय दे की नको ते तुझं तू बघ, पण लेकराची ही बोलणी थांबव.

वन्सं वाद घालत बसल्या नाहीत. रविवारी त्यांनी आम्हाला आपल्या शिवणाच्या दुकानात बोलावलं. कापडं बेतायच्या टेबलावर चार जुन्या पँटी उलट्या करून मांडल्या होत्या. ठिगळांना लागतं म्हणून त्या जुनं कधी टाकत नाहीत.

"ही बाबांची. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठिगळ. ही काकांची, तिथंच ठिगळ. ही आपल्या धाकट्या भावाची. बसतो तिथं विरलीय, गुडघ्याला काही नाही. आणि ही तुझी, पुन्हा तिथंच ठिगळ."

"कापड हलकं होतं."

"कापड मी निवडते, सरदार! चालताना गुडघ्याला गुडघा घासतो तुमचा. तीस वर्षं ठिगळं लावतेय मी, आणि मलाच कळलं नाही."

"मांड्या जाड आहेत माझ्या."

"कुठे? मापं माझ्या वहीत आहेत. दाखवू वहिनीला?"

मी हसू दाबलं. मग वन्संनी टेबलाखालून पाचवी काढली. पोरीच्या शाळेच्या गणवेशाची, तीन महिन्यांपूर्वी शिवलेली, एवढीशी. ती भावाच्या हातात दिली.

सरदारांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, घड्याळात बघतात तसं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला धागे विरले होते.

"मला बाबा म्हणायचे, पाय उचलून चाल," ते हळूच म्हणाले.

"आणि बाबांना आजोबा," वन्सं म्हणाल्या. "आता पुरे कर."

सोमवारी घड्याळांचं दुकान बंद ठेवून सरदार पोरीला घेऊन स्वतः गेले. बाईंनी दोघांना बोळातून चालवून पाहिलं आणि रक्त पाठवायच्या आधीच "तेच आहे" म्हणून मान हलवली. शाळेला चिठ्ठीही दिली.

आता रोज सकाळी बाप-लेक चटईवर बसतात, तळव्याला टॉवेल अडकवून ओढतात. समोर खुर्चीत वन्सं, त्यांचाही टॉवेल चालू.

"आत्या, बाबा टॉवेल सोडून देतात मध्येच!"

"सरदार," वन्सं ओरडतात, "आळशी कुठले! पाय ताणा!"