सुनंदानं उघडायला शिकवलेली खेळणी

त्या दिवशी सकाळी महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या एसटीची वाट पाहत होते, तेव्हा सुनंदाच्या नवऱ्याचा, अशोकरावांचा फोन आला. "सुनंदा गेली," एवढंच म्हणाले. सुटली एकदाची, असं मनात आलं... रडू नंतर आलं, वर्गात, मुलांसमोर.

पोलादपूरजवळच्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. तिच्या पिशवीत डब्याशेजारी स्क्रूड्रायव्हर असायचा. मुलांना ती घरची, जत्रेतली खेळणी आणायला सांगायची आणि त्यांच्याच हातांनी खोलायला लावायची. मागे ओढून सोडलेली गाडी कशानं पळते? आडवी केली की बाहुली का रडते? बाहुलीचं पोट उघडलं तेव्हा वैशाली नावाची मुलगी किंचाळलीच. आत निघाला एक छोटासा भाता, त्यावर वजनाचा तुकडा आणि भात्याच्या तोंडाशी शिट्टी. बाहुली कलली की वजन भात्यावर बसतं, हवा शिट्टीतून निघते. "म्हंजे ती रडत नाय, बाई. नुसता वारा हाय!" वैशाली म्हणाली. ते वाक्य सुनंदा मला परतीच्या एसटीत महाड येईपर्यंत ऐकवत होती.

मग तिच्या बोटांतून स्क्रू निसटायला लागले. नंतर खडू. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार, औषध नाही. परत आल्यावर ती मला म्हणाली, "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार गं. म्हणजे सगळं बघावं लागणार..."

नोकरी सुटली, पण रविवारी चारसहा मुलं महाडला तिच्या घरी येऊ लागली. अशोकरावांना ते पटत नव्हतं. "पोरांनी तिला अशी बघायची?" ते मला विचारत. सुनंदाचं बोलणं तोवर जड झालं होतं, तरी ती म्हणाली, "बघू दे." एकदा वैशालीनं सरळच विचारलं, "बाई, तुमच्या आत काय बिघडलंय?" अशोकराव तिला बाहेर न्यायला उठले. सुनंदानं मानेनं नको म्हटलं आणि एकेक शब्द जुळवत सांगितलं, "चाकं धड आहेत. त्यांना फिरवणाऱ्या तारा तुटतायत."

"मग जोडा की."

"नाही जोडता येत."

त्या दिवशी कोणी खेळणं उघडलं नाही. पुढच्या रविवारी निम्मी मुलं आली नाहीत. नंतर एकटी वैशालीच येत राहिली.

शेवटी आवाजही गेला. नाकातोंडावर श्वासाच्या यंत्राचा मास्क बसला. प्रश्न विचारला की डोळे उघडे ठेवले तर हो, मिटले तर नाही, एवढंच बोलणं उरलं. वैशालीनं यंत्राच्या नळीवर हात ठेवून पाहिला. दाणे टिपणारी, चाकांवरची खेळण्यातली कोंबडी तिनं आणली होती, ती सुनंदाला दिसेल अशी धरून उघडली आणि एकेक भाग सांगू लागली. चुकली की सुनंदाचे डोळे मिटायचे. "चुकलं? बरं, थांबा..." असं म्हणत ती पुन्हा सुरुवात करायची. चाकाच्या दांड्यावरचा उंचवटा कोंबडीची शेपटी खालून वर ढकलतो, म्हणून चोच खाली जाते, हे तिला सापडेपर्यंत दुपार सरली. सुनंदाचे डोळे उघडे राहिले, भरलेले. पुसायला अशोकराव होते.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला, छातीत कफ दाटला. घशाला छेद देऊन नळी बसवायची का, असं डॉक्टरांनी तिलाच विचारलं. तिनं डोळे मिटले. अशोकरावांनी पुन्हा विचारायला लावलं. तिनं पुन्हा मिटले, आणि ते उघडायची वाट पाहत आम्ही बराच वेळ तिथंच उभे राहिलो.

परवा त्यांच्याकडे गेले होते. पलंग हलवलाय, खोली मोठी दिसते. "चहा टाकू?" अशोकरावांनी विचारलं आणि माझ्या डोळ्यांकडे टक लावून पाहत थांबले. मी "हो" म्हटलं, तेव्हा दचकले.