दामूचं मोठं हेलिकॉप्टर

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कपाटामागे धूळ साचते तसे ते साचतात, आणि एक दिवस कपाट हलवलं की सगळ्यांना शिंका येतात. आमचं मंडळ तर जेमतेम तिघांचं. मी पेडण्याच्या बँकेत, भिकू मास्तर धारगळच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि दामू शिरगावचा, खनिजाचा टिपर चालवणारा. तिघांचे केस पिकलेले. पण रविवारी सकाळी कापणी झालेल्या शेतात आम्ही बॅटरीवरची रिमोटची हेलिकॉप्टरं उडवतो. लोक हसतात. हसू देत!

*

दामूचं पहिलं हेलिकॉप्टर तळहाताएवढं होतं. एकावर एक दोन पंखे, त्यामुळे ते फारसं डगमगत नसे. सांगू तिकडे जाई, सांगू तिथे बसे. सुलभावहिनींनी, म्हणजे दामूच्या बायकोने, चार दिवस ते बघितलं आणि म्हणाल्या, "घरात तुमचा ऐकणारा ह्याच एक आसा."

*

एकदा मात्र त्याने ऐकलं नाही. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन चालला होता, त्याच्या टोपलीत ते अलगद जाऊन बसलं. त्याला पत्ताच नाही. तिसऱ्या घरी बाईंनी पावाचे उंडे घ्यायला हात घातला आणि हातात हेलिकॉप्टर आलं. हे कशाला, असं त्यांनी विचारल्यावर पोदेराने टोपलीत बघितलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "नाका तर परत दी."

*

लहान हाताखालून गेलं की मोठ्याची ओढ लागते. मला आधी लागली. कोणाला न विचारता मी एका पंख्याचं मोठं मागवलं, शेतात नेलं आणि उडवलं. एकूण उड्डाण अकरा सेकंद, मास्तरांच्या घड्याळाप्रमाणे. उरलंसुरलं आता शोकेसमध्ये आहे. बायको रोज त्याची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघते.

*

माझी दशा ऐकून वहिनींनी दामूला अट घातली. मोठं घ्या, पण एकदाच. मोडलं तर परत नाही, आणि रविवारचं शेतात जाणंही बंद. दामूचा चेहरा उतरला. आठवडाभर धूळ खाणाऱ्या त्या माणसाचा आनंद एवढाच, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग निवडीचा घोळ सुरू झाला. दीड हात लांबीचं की अडीच हात? मास्तर म्हणत, मोठं घे, वाऱ्यात स्थिर राहतं, लांबून दिसतं. मी म्हणे, लहान घे, पडलं तर कमी मोडतं. ह्या विषयात माझा अधिकार कोणी नाकारू शकत नव्हतं.

*

तोवर मास्तरांनी त्याला कॉम्प्युटरवर सराव द्यायला घेतला. पडद्यावरचं हेलिकॉप्टर जमिनीकडे झेपावलं की दामू उजवा पाय दाणकन् आपटायचा. तीन दिवसांत मास्तरांच्या टेबलाखालची फरशी हलायला लागली.

"दामू, ह्याला ब्रेक नसतो," मास्तर म्हणाले.

"मगे थांबता कसा?"

मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, तेवढंच तर शिकायचं आहे.

*

शेवटी दामू देवळात कौल लावायला गेला. आमच्याकडे लग्न, विहीर, नवी गाडी, सगळं देवाला विचारून होतं. मग हेच का नको? गुरवांनी मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर मोठं, डावी पडली तर लहान. "व्हय म्हाराजा," आम्ही दोघे मागून म्हणालो.

तासभर काही हलेना. मग दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. गुरवांनी त्या उचलून ताटात ठेवल्या.

"देव म्हणता, घरात इचार," ते म्हणाले.

*

घरी विचारलं. वहिनींनी सुंभाचा तुकडा घेतला आणि कपाटावरची जागा मोजली. तिथे चतुर्थीला गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट ठेवलेली, ती हलवायची नाही असा त्यांचा नियम. उरलेल्या जागेत दीड हातच मावत होतं. दामूने तोच सुंभ घेऊन जागा पुन्हा एकदा मोजली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. सकाळी तो उठला तेव्हा माटोळीची चौकट भिंतीला उभी टेकवलेली होती, आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. त्याने अडीच हातांचं मागवलं.

*

पहिल्या उड्डाणाला वहिनी स्वतः आल्या. स्कूटरवर मागे बसून, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं हेलिकॉप्टर घेऊन. आम्ही सगळे लांब उभे राहिलो. दामूने रिमोटवरून ते उचललं, डोक्याच्या बरंच वर नेलं, आणि ते तिथे थांबलं. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि त्याचं नाक आमच्याकडे वळलं.

इथेच माणसं गडबडतात. नाक आपल्याकडे आलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. मास्तर ओरडले डावीकडे, मी ओरडलो उजवीकडे. हेलिकॉप्टर तिरकं होऊन घसरायला लागलं. दामूचे अंगठे जागच्या जागी थिजले होते. मला खरंच भीती वाटली, त्याच्या रविवारांची.

वहिनी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षं त्या अंगणात उभ्या राहून टिपर मागे घेताना त्याला बघत आल्या होत्या.

"टिपर पाठी घेतास तसा घेवा," त्या हळूच म्हणाल्या.

दामूचे खांदे सैल झाले. आरशात बघावं तसं त्याने डोळे बारीक केले, हेलिकॉप्टर सरळ केलं, आणि सावकाश, इंच इंच, खाली आणून गवतावर ठेवलं. पाती थांबली. एक ओरखडासुद्धा नव्हता. दामू मान वर करेना.

वहिनी हेलिकॉप्टरजवळ गेल्या. वाकून सगळीकडून बघितलं, मग वर आभाळाकडे बघितलं, मग पुन्हा हेलिकॉप्टरकडे.

"वर गेल्यार अगदीच बारका दिसता," त्या म्हणाल्या.